घोंगड्याचा पाऊस

त्या सप्टेंबरात आमच्या गावात पडलेला सगळा पाऊस मी पाडला.

गाव आटपाडीच्या बाजूचं. मी सांगलीत वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून पावसाच्या बातम्या तपासतो. थोरला भाऊ, दादा, गावाकडं बाजरी करतो. त्या साली बाजरी वाळून गेली होती. सगळी भिस्त विम्यावर. अट साधी : सलग एकवीस दिवस पाऊस नसला, तर गावाला भरपाई. पाऊस मोजणारं यंत्र आमच्याच परसात, तारेच्या कुंपणात. (जागा दादानंच हौसेनं दिलेली!)

मी सुट्टीवर पोचलो तो विसावा दिवस. दादाला बसवत नव्हतं, की जेवण जात नव्हतं. ढग दिसला की ओरडायचा, "आत्ता कशाला आलाय ह्यो? महिनाभर कुठं मेला हुता?"

त्याच दिवशी वहिनींनी नवरात्राची धुणी काढली. घट बसायच्या आधी घरातलं एकूण एक पांघरूण धुवायचंच, मग पाणी टँकरचं का असेना! दोरी भरली. उरलं दादाचं घोंगडं. भिजून रेडकाएवढं जड.

"भावजी, कुंपणावर टाका. आन् नीट पिळा, लय पाणी धरतंय."

मी नीट पिळलं. कामात हयगय मला चालत नाही.

तासाभरात दादाचा मोबाइल वाजला. यंत्राचा संदेश : गावात सोळा मिलिमीटर पाऊस!

"कुठं पडला?" दादा अंगणात धावला. पाठोपाठ शेजारचे तात्या आले. "आरं, माझ्या दारात थेंब न्हाई, तुझ्यातच पडला व्हय? साऱ्या गावाचा इमा बुडीवलास की!"

तेवढ्यात दादाला कुंपण दिसलं. घोंगड्याचं एक टोक यंत्राच्या नरसाळ्यावर टपटपत होतं.

"कुणी पिळलं ह्ये?"

"मी," मी म्हणालो. "पण नीट पिळलंय."

दादानं तडक कृषी खात्यात अर्ज केला. तिसऱ्या दिवशी साहेब आले. "घोंगड्यानं सोळा मिलिमीटर? शक्य नाही. करून दाखवा."

पंचांसमोर मी घोंगडं भिजवलं, पुन्हा पिळलं. मोबाइल वाजला. अठरा!

"ह्येला सांगलीच्या यष्टीत बसवा रं कुणीतरी," तात्या ओरडले, "न्हाईतर पूर यील!"

दोन्ही पाऊस रद्द झाले, गावाला भरपाई मिळाली. पंचनाम्याची प्रत मी जपून ठेवली आहे. 'पावसाचे कारण' या रकान्यात लिहिलंय : अर्जदाराचा धाकटा भाऊ.

वीस वर्षं पावसाच्या बातम्या तपासल्या. सरकारदरबारी एवढीच नोंद, आणि तीही नावाशिवाय!