काळसावलीची वही

शिरड शहापूरच्या वाचनालयातली भुतांची पुस्तकं नववी-दहावीच्या मुली नेतात, आणि त्यांच्याआधी ग्रंथपाल उकंडराव वाचतात. बासष्टाव्या वर्षी हा नाद त्यांना मुलींनीच लावला.

"काका, पुस्तकं आणायला वसमतला चाललात ना? मग तसली आणा," असं त्यांतल्या पुनमनं एकदा फर्मावलं होतं. तसली म्हणजे पौर्णिमेला लांडगा होणारा मुलगा, आरशातून पलीकडे जाणारी मुलगी. लेकरांच्या हाती काय पडतंय ते पाहावं म्हणून उकंडरावांनी पहिलं पुस्तक एसटीतच उघडलं, आणि उतरायचा फाटा कधी मागे गेला ते त्यांना कळलं नाही. दोन कोस चालत परत येताना बांधावरच्या प्रत्येक बाभळीमागे कुणीतरी उभं आहे असं त्यांना वाटत होतं. आणि ते वाटणं त्यांना आवडलं होतं.

यंदा फाल्गुनात पुनमबरोबर तिची मैत्रीण प्रतिक्षा दोनशे पानी वही घेऊन आली.

"लांडगे-बिंडगे आपल्याकडं कुठं आले, काका? मी आपल्या गावचं भूत लिहून राहिले. शेवटचं पान राह्यलं. वाचून सांगा."

गावात हळद शिजत होती. कढयांची वाफ गल्ल्यांतून संथ फिरत होती आणि दुपारचं ऊन तिच्यात विरघळून पिवळं झालं होतं. वाचनालयात पंख्याखाली बसून उकंडरावांनी वही उघडली.

गोष्टीत एक काळसावली होती. ती भर दुपारी, माणसं पेंगत असताना गावातून फिरे आणि दाराशी कान लावून ऐके. ज्या लेकराला घरात मायेनं हाक मारली जाई, तेच तिला नेमकं कळे, आणि त्यालाच ती घेऊन जाई. केतकी नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीला ती दिसायची. केतकीचा राग मात्र सावलीवर नव्हता, आईवर होता. कारण आई तिच्या धाकट्या भावाला कधी धड नावानं हाक मारत नसे. ऊठसूट 'मेल्या', 'कचऱ्या'.

उकंडरावांनी चष्मा काढून पुसला.

त्यांच्या नावाचा अर्थ गावात कुणाला सांगावा लागत नाही. आधीची लेकरं जगली नाहीत की पुढच्याला जन्मताच उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर ठेवायचं, शेजारणीनं उचलायचं, आणि आईनं सूपभर कोंडा देऊन तिच्याकडून परत घ्यायचं. टाकलेलं लेकरू मरणालाही नको असतं. उकंडरावांच्या आधीचे दोघं भाऊ राजा आणि हिरा वर्षाच्या आत गेले होते. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. पण नाव ठेवून झालं, लेकरू जगलं, शाळेत गेलं, त्याचं लग्न झालं, तरी त्यांच्या आईची, पार्वतीबाईंची जीभ काही मऊ झाली नाही. आईची सगळी माया त्या दोघांबरोबर संपली आणि आपल्या वाट्याला उरलीच नाही, असं उकंडरावांनी केव्हाच धरून टाकलं होतं. पत्नी वारल्यापासून घरात दोघंच असत. नव्वदीच्या आईला ते न्हाऊ-माखू घालत, आणि ती म्हणे, "मुडद्या, पाणी काहून येवढं कडक?"

त्यांनी पान उलटलं. बाराव्या प्रकरणात काळसावली केतकीच्या उंबऱ्यावर येऊन थांबली होती. तिचा गारवा घरभर पसरला. आत आई तापलेल्या पोराला मांडीवर घेऊन बसली होती. सावलीनं कान दिला. आई म्हणाली, "मर मेल्या, मला तकलीफ द्यायलाच जलमलास." सावली जरा वेळ घुटमळली आणि निघून गेली. मग केतकीला दिसलं, की आईनं खालचा ओठ रक्त येईतो दाताखाली धरला आहे.

"काका, तुमी रडून राहिले का?" पुनमनं वाकून विचारलं.

"हळद गेली डोळ्यात."

"खिडकी तर बंद हाये!"

"गप बस. प्रतिक्षा, हे तुला कुठून सुचलं?"

प्रतिक्षानं नखानं वहीचा कोपरा खरवडला. "तुमच्या मायनंच सांगितलं. मी दुपारची बसते ना त्यांच्याजवळ. म्हणाल्या, उकंड्याला बोलू नको." मग ती घाईनं म्हणाली, "शेवटी आईनं भावाला चांगल्या नावानं हाक मारावी का? पुनम म्हणते, मारलीच पाहिजे."

"उद्या सांगतो," उकंडराव म्हणाले.

घरी पार्वतीबाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या. ऊन उतरलं होतं. वाफेत भिंती, तुळस, आईचे पांढरे केस, सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं. उकंडराव तिच्या पायाशी बसले.

"माय, एकदा तरी मला नीट हाक मार."

पार्वतीबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. त्या अंगणाच्या दाराकडं पाहत होत्या.

"दार उघडं हाये, अन् काय बरळून राहिलास!"

उकंडरावांनी उठून कडी लावली आणि ते परत येऊन बसले. म्हातारीचा खरखरीत हात त्यांच्या टकलावर येऊन टेकला. तिचे ओठ हलले, पण आवाज काही आला नाही. छोटासाच शब्द असावा, दोन अक्षरांचा.

"काय म्हणलीस, माय?"

"काई न्हाई. भाकर खाय, मुडद्या. वाळून चाललास."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही परत दिली. "आईचे ओठ हलू दे," ते म्हणाले. "आवाज नको."

"असं कसं!" पुनम उसळली. "मग त्या पोराला कळंल कसं?"

"कळतं," उकंडराव म्हणाले, आणि उठून त्यांनी खिडकी उघडली.