गाडी गार ठेवायला सांगा

शनिवार पेठेत जुनी गाडी घेऊ पाहणारा माणूस आधी गुलजारभाईंना शोधतो आणि ते सापडले नाहीत की माझ्या दुकानात येऊन मलाच जाब विचारतो. माझं दुकान झेरॉक्स, लॅमिनेशन आणि स्टेशनरीचं आहे, चौकशीचं नाही. पण गुलजारभाईंचं गॅरेज वीस वर्षं माझ्या दुकानाला लागून होतं. ती इमारत पाडून नवी बांधली तेव्हा गॅरेज गेलं, आणि गुलजारभाई रोज सकाळी अकराला माझ्याकडच्या स्टुलावर येऊन बसायला लागले. आता ते अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि स्टूल तेच आहे.

त्यांचं काम एवढंच, की तुम्ही पसंत केलेली जुनी गाडी तुमच्याबरोबर येऊन बघायची आणि घ्यावी की नाही ते सांगायचं. विकणाऱ्याला फोन मी लावायचा, कारण त्यांना फोनवर बोलायचा कंटाळा. फोन लागला की ते शेजारून हळूच म्हणणार, "गाडी गार ठेवायला सांगा." म्हणजे आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. आजारी इंजिन गार असतानाच कुरकुरतं, म्हणून हुशार मालक गिऱ्हाईक यायच्या आधी गाडीला एक चक्कर मारून आणतात. गुलजारभाई पोचले की रामराम करण्याआधी बॉनेटवर तळहात ठेवतात. कोमट लागलं तर चहासुद्धा न घेता परत.

गार लागलं तर मग सावकाश सगळं. पायाखालची चटई उचलून वास घ्यायचा, कारण आत पुराचं पाणी शिरलेलं असलं तर कितीही अत्तर मारा, तो वास जात नाही. स्टेपनीखालचा खड्डा हाताने चाचपायचा. बॉनेटच्या नटांवरचा रंग बघायचा. रंग उडालेला असला तर तिथे पाना लागलाय, आणि तो का लागला हे मालकाला विचारायचं. मीटरवर किती किलोमीटर दिसतात त्याकडे ते बघतही नाहीत. "ते मालकाचं मत असतं," म्हणतात. शेवटी माझ्याच दुकानातल्या छोट्या पॅडवर चिठ्ठी. तिच्यात गाडीची सगळी दुखणी आणि शेवटच्या ओळीत निकाल, 'घ्यायला हरकत नाही' किंवा 'नको'. जुन्या गाडीत खोड असणारच, कुठली आहे ते आधी कळलं म्हणजे माणूस तिच्याबरोबर राहू शकतो, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या वडिलांसाठी घेतलेल्या गाडीची चिठ्ठी अजून माझ्या गल्ल्यात आहे. 'एसी कमी गार करतो. मागचा डावा दरवाजा दोनदा ओढावा लागतो. क्लच वर्षाच्या आत बदलावा लागेल. घ्यायला हरकत नाही.' क्लच दहाव्या महिन्यात बदलला. दरवाजा आम्ही सात वर्षं दोनदा ओढला आणि कुणाची तक्रार नव्हती. वडील गेल्यावर ती गाडी विकली, तेव्हा घेणाऱ्यालाही मी ती चिठ्ठी वाचून दाखवली. पुण्यात असं कुणी करत नाही, आणि तो माणूस माझ्याकडे संशयाने बघत राहिला.

आयुष्यभर लोकांच्या गाड्या चालवलेल्या या माणसाकडे स्वतःची गाडी मात्र कधी नव्हती. एक स्कूटर होती आणि तिच्या मागे नजमाभाभी. गेल्या वर्षी भाभींच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि स्कूटरवर बसणं बंद झालं. घोरपडे पेठेतल्या घरातून त्या फक्त दवाखान्यात जायच्या, तेही रिक्षावाल्याची मर्जी असली तर. त्याचं त्यांना फारसं वाटत नव्हतं. वाटत होतं ते धाकट्या बहिणीचं. आयेशा लोणी काळभोरला राहते. दिवाळीच्या आसपास तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि ती अंथरुणाला खिळली. भाभींना आठवड्यातून एकदा तिच्याजवळ जाऊन बसायचं होतं. बसच्या पायऱ्या चढणं शक्य नाही, आणि मोबाइलवरून बोलावलेली टॅक्सी जाताना मिळाली तरी येताना लोणीहून कुणी यायला तयार नाही. तीन महिन्यांत बहिणी दोनदा भेटल्या. आयेशाचं बोलणं महिन्यामहिन्याला कमी होत होतं, त्यामुळे उशीर करून चालणारं नव्हतं.

मुलगी जोया वाघोलीला राहते, आयटीत आहे. तिने अडीच लाख बाजूला काढले आणि म्हणाली, अब्बा, आपण अम्मीसाठी गाडी घेऊ. चालवणार तुम्ही, निवडणारही तुम्हीच. पुण्यात यापेक्षा सोपा व्यवहार झाला नसेल असं मला वाटलं होतं.

दोन महिन्यांनी जोया माझ्या काउंटरवर नऊ चिठ्ठ्या ठेवून उभी राहिली. "काका, अब्बांनी नववी गाडी रिजेक्ट केली. आय मीन, सीरियसली? अम्मी रोज विचारते, मी काय सांगू तिला?"

मी चिठ्ठ्या ओळीने वाचल्या. पहिल्या दोन गाड्या खरोखरच टाकाऊ होत्या, एक तर पुरातून निघालेली. तिसरीत लिहिलं होतं, 'स्टेअरिंग डावीकडे ओढतं. नको.' पण चौथीपासून पुढे जे होतं ते वाचून माझं डोकं फिरलं. 'हॉर्न बारीक. नको.' 'सीटचं कापड विटलेलं. नको.' नववी गाडी वाघोलीच्या हिंदुराव नावाच्या निवृत्त प्राध्यापकांची होती. एकाच मालकाची, दहा वर्षांची, सर्व्हिसिंगची सगळी बिलं फाइलला लावलेली. तिच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'टायर एक वर्ष चालतील. नको.'

टायर वर्षभर चालणार असतील तर वर्षाने बदलावेत, त्यासाठी मेकॅनिक लागत नाही. अकरा वाजता गुलजारभाई आले आणि स्टुलावर टेकायच्या आत मी ती चिठ्ठी त्यांच्या पुढ्यात धरली.

"ही गाडी माझ्या वडिलांसाठी असती तर काय लिहिलं असतं?"

"तुमच्या वडिलांची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळी? त्यांना टायर लागत नव्हते?"

मी एरवीही फार गोड बोलणारा माणूस नाही आणि त्या दिवशी बाकीही काही ठेवलं नाही. म्हणालो, "परक्या माणसांना तुम्ही खोडीसकट गाड्या दिल्यात. घरची बाई बहिणीसाठी झुरतेय आणि तुम्ही हॉर्नचा आवाज ऐकत बसलाय. गाडी घ्यायची नसेल तर पोरीला तसं सांगा, तिचे रविवार कशाला खर्च करताय?"

त्यांनी नऊ चिठ्ठ्यांमधून तिसरी काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"दिगंबरराव, स्टेअरिंग सरळ होतं."

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. ती गाडी बघायला संध्याकाळी साडेसहाला गेले होते. चालवून बघताना समोरून दिवे आले आणि उजव्या डोळ्यापुढे नुसतं पांढरं झालं. रस्ता आहे की फुटपाथ, काही कळलं नाही. डावं चाक फुटपाथच्या कडेला घासलं. जोया शेजारी होती. तिने काय झालं विचारलं, तर यांच्या तोंडून निघून गेलं, स्टेअरिंग ओढतंय. एकदा बोलल्यावर चिठ्ठीतही तेच लिहावं लागलं.

"मालकाला दुसऱ्या दिवशी जाऊन खरं सांगितलं. चाकाचं काम मीच करून दिलं," ते म्हणाले. "घरी नाही सांगितलं."

"मोतीबिंदू असेल. ऑपरेशन करून घ्या. अर्ध्या पेठेने केलंय."

"करीन. पण ज्याला दिसत नाही अशा माणसाला गाडी बघायला कोण बोलावणार? आणि नजमाला शेजारी बसवून मी सोलापूर रोडला गाडी घालू? लोकांच्या गाडीत मी तासभर बसतो, दिगंबरराव. हिच्यात ती बसणार आहे."

असं बोलताना त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. भीती वाटत होती त्यांना, आणि ती त्यांनी हॉर्नवर, कापडावर आणि टायरवर टाकली होती. माझा राग तिथेच उतरला. वाईट वाटलं, आणि मी इतका वेळ तोंड सोडलं होतं त्याची लाजही वाटली. तरी म्हणालो, "आज रात्री भाभींना सांगा. उद्या अकरापर्यंत सांगितलं नसेल तर मी घरी येऊन सांगतो." मी जाईन हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून गेले. बारा वाजले. दुकान बंद करून घोरपडे पेठेत जावं अशा विचारात होतो, तेवढ्यात साडेबाराला ते आले आणि स्टुलावर बसून घाम पुसत राहिले.

"सांगितलं?"

"रात्री सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत आहे. दिवेलागणीला चहा ओतताना बशीत सांडता, पेपर खिडकीशी नेऊन वाचता, मी काय आंधळी आहे? मग म्हणाली, झोपा, सकाळी बघू."

"मग सकाळी काय झालं?"

"तपासलं मला," गुलजारभाई म्हणाले. "सहा वाजता. चहासुद्धा दिला नाही. म्हणे, गार असताना बघायचंय."

मी हसलो. त्यांना हसू आलं नाही. त्यांच्याच हातरुमालाने भाभींनी त्यांचा एकेक डोळा झाकला आणि पलंगावरून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं. आधी मोठे आकडे, मग बारीक अक्षरं. जिना दोनदा उतरवला आणि चढवला. मान किती वळते ते मागून हाक मारून बघितलं. मग साडेआठला जोया आली, तिने शेजारी बसून त्यांना मैत्रिणीची गाडी उन्हात तासभर चालवायला लावली. भाभी मागच्या सीटवर, पाय लांब करून, एक शब्द न बोलता. परत आल्यावर त्यांनी गॅरेजच्या वेळचा जुना पॅड काढला. गॅरेजची बिलं त्याच लिहायच्या, अक्षर माझ्या ओळखीचं होतं.

गुलजारभाईंनी चिठ्ठी खिशातून काढून माझ्यासमोर धरली, पण हातातून सोडली नाही.

'उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. या महिन्यात ऑपरेशन करावं लागेल. डावा डोळा चांगला. डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी जोयाने चालवायची, यांनी शेजारी बसायचं. त्यानंतरही संध्याकाळी पाचनंतर रस्त्यावर काढायचे नाहीत. एका हाकेत ऐकत नाहीत, दोनदा हाक मारावी लागते. हात आणि कान नव्यासारखे. आजवर खोटी चिठ्ठी एकच.'

खाली आणखी एक ओळ होती. तिच्यावर त्यांनी अंगठा ठेवला होता.

"निकाल दिसत नाहीये," मी म्हणालो.

"पास आहे. बाकीचं घरगुती आहे." त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात टाकली आणि माझ्या फोनकडे बघितलं. "हिंदुरावांची गाडी गेली का हो?"

मी फोन लावला. गेली नव्हती. दोन जण बघून गेले होते, पण प्राध्यापकांनी त्यांना सर्व्हिसिंगची सगळी फाइल वाचायला लावली म्हणून ते परत फिरकले नव्हते. उद्या सकाळी येतो, मी म्हणालो. शेजारून आवाज आला, "गाडी गार ठेवायला सांगा."

"अहो, गेल्याच आठवड्यात बघितलीत की."

"तेव्हा कुठे बघितली," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात गाडी नावावर करायला दिली. पहिल्या रविवारी सकाळी आठला ती माझ्या दुकानासमोर थांबली. जोया चालवत होती, गुलजारभाई शेजारी बसून रस्त्याऐवजी इंजिनाचा आवाज ऐकत होते, आणि भाभी मागे, मांडीवर बहिणीसाठी केलेल्या खिरीचा डबा. लोणीला जाऊन चारच्या आत सगळे परत आले. आयेशाने दिवसभर बहिणीचा हात सोडला नाही, असं जोयाने मला नंतर सांगितलं. त्याच महिन्यात ऑपरेशन झालं आणि सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिली. त्या रविवारी जोया मागे बसली, भाभी पुढे, आणि गुलजारभाईंच्या हातात स्टेअरिंग होतं.

सोमवारी अकराला ते आले आणि दोन चिठ्ठ्या काउंटरवर ठेवल्या. "लॅमिनेट करून द्या. गाडीच्या कागदांत ठेवायच्यात. विमा, पीयूसी आणि या."

एक त्यांच्या हातची होती. 'टायर एक वर्ष चालतील. घ्यायला हरकत नाही.' दुसरी भाभींची. मशीन तापेपर्यंत वेळ होता, आणि या वेळी त्यांनी वर अंगठा ठेवला नव्हता. ते रस्त्याकडे तोंड करून बसले होते. मी शेवटची ओळ वाचली.

'पहिल्यापासून मालकीण एकच. घ्यायला हरकत नाही.'