आईची तट्ट्यावरची कॉफी

आई चिखलदऱ्याची, तिकडं डोंगरात कॉफी पिकते. लग्न होऊन पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या गावात आली आणि पुढं कधीतरी माहेराहून कॉफीची रोपं घेऊन आली. विहिरीमागच्या आंब्याच्या सावलीत त्यातली तीन जगली. धान आणि मोहाच्या मुलखात ही कुठली कॉफी म्हणून गावानं हसून घेतलं, सगळ्यांत जास्त बाबांनी. तिच्या गुळाच्या काळ्या कॉफीला ते काढा म्हणायचे. इतक्या वर्षांत एक घोट कधी घेतला नाही.

हिवाळ्यात फळं लाल झाली की आई ती तोडून अख्खीच बांबूच्या तट्ट्यावर पसरायची. दिवसातून चार-पाच वेळा हात फिरवायचा, संध्याकाळी दव पडायच्या आत झाकायचं. मोहफुलं तीन-चार दिवसांत वाळतात, हिला तीन आठवडे तरी लागायचे. फळ कानाशी हलवलं आणि आत बी वाजलं, की झालं.

गेल्या हिवाळ्यात फळं पसरून चारच दिवस झाले होते आणि तिला चंद्रपूरला दवाखान्यात न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं बाबांना जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी मनातलं बोलेल.

"तुमी घरी जा जी," ती म्हणाली. "कॉफीवर हात फिरवजा. अन् यंदा तरी पिऊन पाहाजा."

बाबा खरंच गेले. आज किती वेळा हात फिरवला ते फोन करून सांगायचे, मी आईला सांगायचो, ती हसायची. पाचव्या दिवशी ती गेली.

तिला घरी आणलं तेव्हा अंगण मोकळं करायला हवं होतं, लोक बसणार कुठं? मीच घाईघाईनं ती ओलसर फळं खताच्या रिकाम्या चुंगडीत भरली, तोंड बांधलं आणि गोठ्यात टाकली. आभाळ आलं की मोह आम्ही असाच उचलून ठेवतो. नंतर मी विसरलो. पोटचा मुलगा असून साफ विसरलो, याची मला अजून लाज वाटते.

तेरवी झाल्यावर बाबांनी विचारलं, कॉफी कुठं ठेवली. मी गोठ्यात जाऊन चुंगडी सोडली तर आंबूस वास आला, फळांवर पांढरी बुरशी. बाबांनी पाहायच्या आत मी ती विहिरीवर चोळून धुतली आणि पुन्हा तट्ट्यावर पसरली. सांगायची हिंमत झाली नाही.

मग बाबा दिवसभर उन्हात तिथंच. हात फिरवायचे, एखादं फळ कानाशी न्यायचे, परत ठेवायचे. एका सकाळी ते वाजलं. आम्ही ती उखळात कांडली, सुपात पाखडली, भाजून कुटली आणि गूळ टाकून उकळली.

पहिला घोट माझ्या घशाखाली उतरेना. नुसती ओल्या पोत्याची चव. आईची कॉफी अशी कधीच नव्हती.

बाबांनी कप संपवला.

"असंच लागते का रे हे?"

नाही म्हटलं असतं, तर मीच तिची कॉफी नासवली हेही सांगावं लागलं असतं.

"हो," मी म्हटलं.

"बिचारी," ते म्हणाले. "जलमभर हे असलं एकटीच पेत राह्यली."