दाराबाहेर या आणि माझं नाव विचारा

पडदा वर जातो तेव्हा मागे डोंगर दिसावा, डोंगरावर लाल कौलांची घरं एकमेकांच्या खांद्यावर बसलेली, आणि पुढे एक पांढरं जहाज, इतकं मोठं की त्याच्यामागे समुद्र शिल्लकच राहत नाही. जहाजाच्या पोटातून शिडी उतरते. शिडीपासून लांब धक्का, धक्क्याच्या टोकाला लोखंडी दार आणि दाराबाहेर आम्ही: टॅक्सीवाले, टोपीवाले, नारळ फोडणारे आणि जायफळ-दालचिनीच्या माळा घेऊन बसलेली मी. वेळ सकाळी साडेसातची. दार उघडलं की सगळे आवाज एकदम सुटतात. "तळं, धबधबा, बीच, मॅडम, तळं, धबधबा."

बत्तीस वर्षं मी ग्रेनेडातल्या शाळांच्या हॉलांत आणि चर्चच्या आवारांत नाटकं केली. कुणाचा आवाज कुठल्या रांगेपर्यंत पोचतो हे मला बसल्या जागी कळतं. त्या गर्दीत एकच माणूस आवाज काढत नसे. बदामाच्या झाडाखाली, हात मागे बांधून, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात तो उभा राही. कुणी जवळ आलं की आधी त्याचं "गुड मॉर्निंग". समोरून तेच परत आलं तर पुढचं बोलणं. नाही आलं तर तो नजर वळवून पुन्हा झाडाखाली जाई.

"अरे, गिऱ्हाईक घालवलंस," मी म्हणायची.

"ज्याला सकाळ दिसली नाही, टँटी, त्याला मी तळं काय दाखवू?" टँटी म्हणजे मावशी; धक्क्यावर सगळे मला तेच म्हणतात.

त्याचं नाव थिओफिलस मोडेस्ट. हे मी आता सहज लिहून गेले, पण मागच्या एप्रिलपर्यंत मला ते ठाऊक नव्हतं. धक्क्यावर कुणालाच नव्हतं. आमच्याकडे बाप्तिस्म्याचं नाव शाळेच्या दाखल्यावर चढतं आणि तिथंच राहतं. माणूस जगतो गल्लीनं दिलेल्या नावावर. याला सगळे मानिकू म्हणत. मानिकू हे आमच्या रानातलं जनावर, शेपटीनं फांदीला लोंबकळणारं. आठ वर्षांचा असताना हा फादरच्या आंब्यावर उलटा लोंबकळताना सापडला, तेव्हापासून मानिकू. त्याच्या बायकोनंही त्याला शेवटपर्यंत मानिकूच म्हटलं. एखाद्याची दोन्ही नावं आमच्याकडे एकत्र ऐकू येतात ती एकदाच, तो गेल्यावर, रेडिओवरच्या मयताच्या बातम्यांत: "अमुक अमुक, ज्यांना आपण सगळे अमुक म्हणून ओळखत होतो." तेव्हा बायका हातातलं काम थांबवून म्हणतात, अगं बाई, असं नाव होतं होय त्याचं.

अडतीस वर्षं त्यानं लोकांना बेट दाखवलं. पण दाखवायची पद्धत त्याची स्वतःची होती. बाकीचे ड्रायव्हर पाच तासांत सात ठिकाणं उरकत. हा तीन करी. वाटेत कुणी म्हणालं, हे झाड कसलं, की गाडी बाजूला. उतरून पान तोडून, चुरगळून हातात देई आणि म्हणे, आधी वास घ्या, नाव मग सांगतो. घाटात कुणाची तरी आजी आजारी असली तर तिचं औषध प्रवाशांच्या मांडीवर ठेवून पोचवी. प्रवासी त्यावर खूश असत. जहाज सुटायच्या अर्धा तास आधी गाडी दारात उभी. एकदाही उशीर नाही.

मग नियम बदलला. वरच्या कुठल्याशा ऑफिसातून कागद आला की स्वतःची गाडी असलेल्या गाईडांना दारापाशी उभं राहायचं तर कार्ड लागेल, आणि कार्ड मिळेल ते नेटवरून आलेल्या तीन प्रवाशांनी चांगलं लिहिलं तर. तोपर्यंत त्यांनी मासळीबाजाराच्या मागे थांबायचं, दारापासून दोनशे पावलांवर. तिथं मासे घेणाऱ्यांशिवाय कुणी येत नाही.

त्याची नात जॅनेल दवाखान्यात कागदपत्रं सांभाळते. तिनं नेटवर त्याचं पान केलं. फोटो काढायला गेली तर हा म्हणाला, माझं थोबाड कशाला, लोक तळं बघायला येतात. तिनं ग्रँड एटांगच्या तळ्याचा फोटो लावला. नाव अर्थात दाखल्यावरचं. पहिली दोन कुटुंबं आली ती त्याची जुनी, चेहऱ्यानं ओळखणारी. त्यांनी भरभरून लिहिलं. तिसरं हवं होतं. हंगाम संपत आला तेव्हा शेवटच्या मोठ्या जहाजावरच्या एका बाईचं पत्र आलं. म्हाताऱ्या आईला घेऊन येत होती. आई काठी घेऊन चालते, निळी टोपी घालेल, असं तिनं लिहिलं होतं.

ते पत्र मानिकूनं मला तीनदा वाचून दाखवलं, वरचं नाव अंगठ्याखाली धरून. मुद्दाम नव्हे, कागद धरायची सवयच तशी. सुताराकडून त्यानं एक लाकडी पायरी करून घेतली, गाडीत चढताना म्हातारीला गुडघा उचलायला लागू नये म्हणून. पायरीच्या कडा काचेच्या तुकड्यानं स्वतः तासल्या.

"आजोबा, पाटी घेऊन दारापाशी जा," जॅनेल माझ्यासमोर त्याला म्हणाली. "तुझं नाव लिहून देते मोठ्या अक्षरांत. पाटी धरायला कार्ड लागत नाही."

"पाटी कशाला?"

"सगळे धरतात."

"हरवलेल्या पोराच्या गळ्यात अडकवतात पाटी. अडतीस वर्षं इथं उभा आहे मी. इथले दगड ओळखतात मला. त्यांना लिही, दाराबाहेर या आणि माझं नाव विचारा. कुणीही बोट दाखवेल."

जॅनेलनं तसंच लिहिलं. मीही मान डोलावली होती. आम्हाला दोघींनाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

त्या सकाळी दार उघडल्यावर तासाभरानं दोघी बाहेर आल्या. मुलगी पन्नाशीची, हातात कागद. आईला तिनं कोपराला धरलं होतं. टॅक्सीवाले धावले. तिनं सगळ्यांना हसून नको म्हटलं आणि टॅक्स्यांचे नंबर लावणाऱ्या मिस ऑलिव्हसमोर उभी राहिली. आधी म्हणाली, "गुड मॉर्निंग." मला तेवढ्यावरच ती आवडली.

"थिओफिलस मोडेस्ट कुठं भेटतील?"

मिस ऑलिव्हनं वही उलटसुलट केली. "या नावाचा ड्रायव्हर नाही माझ्याकडे."

"ते टॅक्सीवाले नाहीत. स्वतःच्या गाडीतून फिरवतात. इथंच विचारा म्हणाले होते."

मिस ऑलिव्हनं गळा मोकळा करून हाक दिली, "ए, थिओफिलस कोण आहे रे तुमच्यात?"

"माझा कुत्रा," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. शार्की नावाचा ड्रायव्हर टोपी मागे सारून खरंच विचार करत होता. "मोडेस्टांची दोन घरं आहेत तिकडे गुयाव्ह गावात. पण ते मासेमारीवाले."

बाई माझ्याकडे आली. मी सगळ्यांत म्हातारी, म्हणून असेल. "तुम्हाला तरी माहीत असेल. आम्ही दोन महिने शोधत होतो. किती गाईड वाचले. सगळ्यांनी लिहिलंय, आम्ही काय काय दाखवू. यांनी एकट्यानं लिहिलं, तुमच्या आई दमल्या की जिथं असू तिथं थांबू. म्हणून यांना निवडलं."

माझ्या मनात आलं, हे तर आपल्या मानिकूसारखं बोलणं. आलं आणि गेलं; कानात ते परकं नाव होतं, समोरची काठी आणि टोपी मी पाहूनही जोडली नाही. मी तिचा हात हातात घेतला. रंगमंचावर मी कितीतरी आया केल्या, तो आवाज मला अजून सापडतो. त्याच आवाजात मी म्हटलं, "पोरी, असा कुणी माणूस इथं नाही. असता तर मला ठाऊक असता. फसवलं तुला कुणीतरी."

"नेटवर असंच चालतं," मिस ऑलिव्ह म्हणाली. "पैसे नाही ना पाठवलेत?"

"नाही. त्यांनी मागितलेच नाहीत."

"वाचलात."

म्हातारीनं मुलीची बाही ओढली. ती एवढंच म्हणाली, "अजून थोडं थांबू या का?" त्या वीस मिनिटं थांबल्या. मी माझी खुर्ची तिला दिली. मान वळवली असती तर मासळीबाजाराच्या भिंतीवरून मला त्याच्या गाडीचं निळं छत दिसलं असतं. शेवटी शार्कीनं त्यांना नेलं. शार्की वाईट माणूस नाही. सात ठिकाणं दाखवून तीन वाजता परत आणलं. म्हातारीचा चेहरा पांढरा पडला होता.

साडेचार वाजता मानिकू आला. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात ती पायरी.

"घे टँटी, कोको. त्यांच्यासाठी केला होता. गार झालाय."

"आले नाहीत?"

"म्हातारीचे पाय सुजले असतील. जहाजावर मीठ फार घालतात. बरी असली म्हणजे झालं." त्यानं मला कप भरून दिला. "जॅनेलला सांगतो, पत्र टाक म्हणून. विचारावं बिचारीला."

"तुझे आलेच नाहीत ते एक परवडलं. सकाळी एका बाईला कुणीतरी चांगलंच बनवलं. आईला घेऊन आली होती, कागद नाचवत..."

त्यानं थर्मासचं झाकण हळूहळू लावलं. "काठी होती आईकडे?"

"होती."

"टोपी?"

मी समोरच्या माळा उचलायला लागले.

"निळी टोपी होती का, टँटी?"

"होती."

"कुणाला विचारत होत्या?"

मी नाव सांगितलं. ते उच्चारताना मला ते प्रथमच माणसाचं नाव वाटलं.

"तू काय सांगितलंस?"

"असा कुणी नाही म्हणून."

त्यानं पायरी माझ्या खुर्चीशेजारी ठेवली आणि तिच्यावर बसला. जहाजाचा भोंगा झाला. ते इतकं हळू सरकतं की आधी वाटतं धक्काच निघाला. त्याच्या बाजूला समुद्राची एक पट्टी दिसायला लागली तेव्हा तो म्हणाला, "बरोबर सांगितलंस. अडतीस वर्षांत मीसुद्धा त्याला इथं कधी पाहिला नाही."

"मला कसं कळणार, मानिकू? तू कधी सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस?"

"माझं सांग बघू. काय नाव माझं?"

"टँटी," तो म्हणाला आणि उरलेला कोको त्यानं बदामाच्या मुळाशी ओतला.

त्या बाईनं आठवड्यात नेटवर लिहिलं. वाईट शब्द एकही नाही, तेच जास्त लागलं. आम्ही बंदरावर दहा जणांना विचारलं, असा माणूस या बेटावर नाही. मसाले विकणाऱ्या एका दयाळू आजींनीही तेच सांगितलं. जॅनेलनं मला ते वाचून दाखवलं आणि दयाळू या शब्दावर थांबली. नेटवाल्यांनी पान दुसऱ्या दिवशी बंद केलं. तिनं बाईला सगळं समजावून लिहिलं. बाईनं माफी मागितली, लांबलचक. पण बंद झालेल्या पानावर माफी कुठं चिकटवणार?

मग मी कपाटातून माझा चर्चला जायचा झगा काढला, इस्त्री करून अंगात घातला आणि कार्ड देणाऱ्या ऑफिसात गेले. टेबलामागचा मुलगा लहानपणी माझ्या नाटकांत मेंढरू झाला होता. त्याचा बाप आयुष्यभर मानिकूबरोबर डॉमिनो खेळला.

"टँटी, कागदावर तक्रार थिओफिलस मोडेस्टबद्दल आहे," तो म्हणाला.

"तोच मानिकू."

"मला माहीत आहे ते. पण लिहून कोण देणार? बंदरावरच्या दहा जणांनी सांगितलंय की थिओफिलस नाही. आता त्याच दहांनी म्हणायचं की आहे?"

"मी म्हणते ना."

"तू त्या दहांतलीच एक आहेस, टँटी."

नोव्हेंबरच्या पहिल्या जहाजाला बदामाखाली शार्कीचा भाचा उभा होता. छातीवर कार्ड, हातात पाटी. मानिकू ते पाहायला नव्हता. ऑक्टोबरात, अंगण झाडता झाडता गेला. रेडिओवर बातमी द्यायला मीच गेले. दोन्ही नावं वाचायला लावली, सावकाश, शेवटच्या रांगेपर्यंत जातील अशी. चर्च भरलं, लोक पायऱ्यांवर उभे राहिले. बाहेर पडताना निदान सहा जण मला म्हणाले, थिओफिलस होय, छान नाव होतं.

दोन्ही नावं वाचायला लावली ती माझ्या मनानं नव्हे. ऑगस्टमध्ये तो शेवटचा भेटला तेव्हा गाडी विकून पायी आला होता. लाकडी पायरी बगलेत. ती माझ्या खुर्चीपुढे ठेवली, माझे पाय उचलून तिच्यावर टेकवले, डगमगते का ते हलवून पाहिलं. मी म्हटलं, बस की जरा. तो बसला नाही.

"रेडिओवर माझी बातमी तूच देशील, टँटी. दोन्ही नावं सांग. नुसतं थिओफिलस म्हणालीस तर पेटीत मी असताना तुम्ही सगळे चर्चच्या दारातच सांगाल, असा कुणी इथं नाही."