गुडघ्यावरचा हात

लोकांना माझ्या चेहऱ्यापेक्षा माझी चाल जास्त ओळखीची आहे. अकोल्याच्या स्टेशनवर अजूनही बाया थांबवतात. "तुमी त्या टीव्हीवरच्या शिरेलीतल्या मोलकरीणबाईच ना वो? एकदा चालून दाखवा ना!" पूर्वी मी दाखवायचे. लग्नाच्या मांडवात दाखवली, एकदा तर बँकेच्या रांगेत. उजवा हात गुडघ्यावर, दर पावलाला कंबर बाहेर, आणि बघणारे मालिकेतली ढोलकी तोंडानं वाजवायचे.

ती चाल मला तालमीत सुचली, असं मी प्रत्येक मुलाखतीत सांगत आले. ते खोटं आहे. ती माझ्या मोठ्या बहिणीची चाल आहे.

तिला आम्ही बाई म्हणतो. लहानपणी पोलिओनं तिचा उजवा पाय गेला. अमरावतीला मी हौशी मंडळात नाटकं करायला लागले तेव्हा घरून एकच अट होती, बाई सोबत पाहिजे. शाळेच्या वर्गात तालीम चालायची, ती मागच्या बाकावर स्वेटर विणत बसायची. मी वाक्य विसरले की सुया थांबायच्या आणि ती नुसते ओठ हलवून मला ते द्यायची. मी नटी झाले ती तिच्या जिवावर. पुढे मी मुंबईला गेले, ती दर्यापूरजवळच्या एका गावात अंगणवाडी चालवू लागली.

मुंबईत बरीच वर्षं मी गर्दीच्या दृश्यांत मागे उभी राहिले. मग एका मालिकेत दोन वाक्यांची मोलकरीण मिळाली. दिग्दर्शक म्हणाला, "काहीतरी असं करा, लक्षात राहील." मी फार विचार केला नाही. गुडघ्यावर हात ठेवला आणि चालले. सगळं युनिट हसलं. दोन वाक्यांची मोलकरीण रोज घराघरांत दिसायला लागली.

आता जे लिहायचं आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. मालिका जोरात असताना मी तिला न कळवता भेटायला गेले होते. दर्यापूरहून ऑटो केला होता. गावात शिरताना समोर बाई अंगणवाडीकडे चाललेली दिसली. तिच्या मागे पोरांची रांग. प्रत्येकाचा हात गुडघ्यावर, प्रत्येकाची कंबर बाहेर, तोंडानं ढोलकी. बाईनं मागे वळून पाहिलं नाही. मी ऑटोवाल्याला म्हटलं, "दादा, परत फिरवा."

थोड्याच दिवसांत तिनं अंगणवाडी सोडली आणि अकोल्याला राहायला आली. पाय दुखतो म्हणून सोडली, असं तिनं सांगितलं. तेच मीही सगळ्यांना सांगत राहिले.

गेल्या हिवाळ्यात त्याच मोलकरणीवर सिनेमा काढायचं ठरलं. मुख्य भूमिका माझी. पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा पोस्टरवर मी एकटी असणार होते. फोनवर हो म्हणून टाकलं. पण सही करायच्या आधी बाईला विचारायचं, ती नको म्हणाली तर नाही करायचं, एवढं ठरवून अकोल्याची गाडी पकडली.

बाई स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"काहून आली वं अशी, न सांगता?"

मी सांगितलं. सिनेमाचं सांगितलं, मग चाल कुठून घेतली तेही. ती सोलत राहिली.

"ते तं मले पह्यल्याच दिवशी समजलं. टीव्ही काय तुमच्या मुंबईतच लागते?" मग म्हणाली, "आन् त्या दिवशी आटो परत फिरला तवा पाह्यलं मी, आत तू होती. तुह्या अंगावर लाल साडी होती."

मी विचारलं, "मग बोलली का नाहीस कधी?"

"तू बोलशील म्हणून थांबली होती. लय टाइम लावला."

तिनं ताट बाजूला सरकवलं. "चाल. दाखव."

"बाई, नको."

"साऱ्या जगाले दाखवलं, मलेच दाखवाची लाज वाटून राहिली काय? उठ."

मी उठले. ओट्यापासून दारापर्यंत चालले. तीच चाल, जिच्यावर इतकी वर्षं जेवले. बाई हसली नाही, रडलीही नाही.

"कंबर कायले हालवतं? मी का नाचत जातो? पाय जमिनीवर टेकला का गुडघा मोडते. तो मोडू नये म्हणून हात दाबून धरा लागते. जोर सारा हातात असते, कंबरेत नाई." तिनं माझा हात ओढून स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला आणि उभी राहिली. त्या हाडावर किती जोर येतो ते मला तेव्हा कळलं. "कराचीच हाये तं नीट कर. नाई तं सोड."

मुंबईला परतायची वाट न पाहता मी तिथूनच दिग्दर्शकाला फोन लावला. भूमिका करीन, पण ती हसवणारी चाल करणार नाही.

"ताई, अहो, ती चाल म्हणजेच ती मोलकरीण. चाल काढली तर उरलं काय?"

"तेच दाखवायचं आहे."

सिनेमा दुसऱ्या नटीकडे गेला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण आपला हट्ट सोडायचा नाही, हेही तेव्हाच पक्कं झालं.

मी अमरावतीच्या जुन्या मंडळाकडे गेले. आम्ही एक नाटक बसवलं. खेड्यातली एक बाई आपलं काम घेऊन कचेरीत येते आणि ते झाल्याशिवाय हलत नाही. सुरुवातीला ती दारापासून साहेबाच्या टेबलापर्यंत चालते. एक शब्द नाही. ही चाल बाईनं माझ्याकडून महिनाभर घोटून घेतली.

पहिल्या प्रयोगाला नाट्यगृह भरलं होतं. बाई कडेच्या खुर्चीवर. मी दारातून निघाले. टेबलाच्या अर्ध्या वाटेवर आले आणि प्रेक्षकांत मागून कुणीतरी हसलं. मग दोघं-तिघं. मग तोंडानं ढोलकी.

मी थांबले. वळले, दारापर्यंत परत गेले आणि पुन्हा निघाले. साहेब झालेला नट आपलं वाक्य गिळून बसला. पुन्हा हसू आलं, थोडं कमी. मी पुन्हा दारापर्यंत गेले. या वेळी गुडघा दाबताना सारा जोर हातात घेतला आणि नाट्यगृहात एकही आवाज नव्हता. टेबलाशी पोचले तेव्हा त्या नटाला त्याचं वाक्य आठवेना. मी नुसते ओठ हलवून त्याला ते दिलं.

प्रयोगानंतर बाई मेकअपच्या खोलीत आली.

"पह्यल्यांदा घाईत होती तू. हासणारच लोक. शेवटी बराबर आली."

"घाबरले होते."

"मंग? मी का नाई घाबरत? तरी चालाच लागते." खुर्ची ओढून ती बसली. "उद्या कुठी हाये?"

"मूर्तिजापूर. येतेस?"

"येतो. पण कडेची खुर्ची ठेवाले सांग."

मूर्तिजापुरातही ती मालिका घरोघरी पाहिलेली आहे. तिथंही कुणी हसेल. मग मी पुन्हा दारापासून निघेन.