इंग्लंडचा इतिहास, शेवटाकडून

हॅनोव्हरजवळच्या एका छोट्या गावात आम्ही राहायला गेलो तेव्हा माझं जर्मन म्हणजे आनंदच होता. नवऱ्याचं कंपनीत इंग्रजीवर भागायचं. तो सकाळी निघून जायचा आणि मी बेकरीत चार पाव मागताना घामाघूम व्हायचे. सांगलीला मी कितीतरी वर्षं शाळेत इतिहास शिकवला होता. अख्खा वर्ग एका नजरेत गप्प करणारी बाई मी, आणि इथे जिन्यात कुणी भेटलं की नुसती ‘या, या’, म्हणजे ‘हो, हो’, करत मान हलवायची. चिडचिड व्हायची जिवाची.

एकदा कचऱ्याच्या डब्यांपाशी मी पुठ्ठा हातात धरून उभी होते. कुठला डबा कशाचा, काही कळेना. मागून इंग्रजीत आवाज आला, “निळ्यात टाक पोरी. नाहीतर वरची बाई तुझी वरात काढेल.” वळून पाहिलं तर तळमजल्यावरचे आजोबा. त्यांनी सांगितलेली वरची बाई म्हणजे त्यांचीच लेक, हे मला नंतर कळलं. आमची बिल्डिंग तीन मजल्यांची होती. खाली आजोबा, मध्ये आम्ही, वर लेक.

आजोबा मूळचे कॉव्हेंट्रीचे. सक्तीच्या लष्करी नोकरीत पोरवयात जर्मनीत आले, इथल्याच मुलीशी लग्न केलं आणि इथलेच झाले. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. इंग्रजी बोलायला कुणी नव्हतं म्हणून मी भेटल्यावर ते लहान मुलासारखे खूश झाले. दुपारी चहाला बोलवायला लागले. मी म्हटलं, “आजोबा, तुमचा इतिहास मला पाठ आहे. नॉर्मनांची स्वारी, मॅग्ना कार्टा, स्पेनच्या आरमाराचा पराभव, राजाचं मुंडकं उडवलंत ते, सगळं. कारणं आणि परिणामांसकट.” ते पोट धरून हसले. मग हातातला कप खाली ठेवून म्हणाले, “माझ्या लेकीला यातलं एकही माहीत नाही.”

मी विचारलं, का? तर म्हणाले, ती जन्मली तेव्हा युद्ध संपून फार वर्षं झाली नव्हती. तिच्या आईचं हॅनोव्हरमधलं घर इंग्रजांच्याच बॉम्बनी पडलेलं. गल्लीतली पोरं लेकीला ‘टॉमीची पोर’, म्हणजे इंग्रज शिपायाची पोर, म्हणून चिडवायची. तेव्हा नवरा-बायकोनं ठरवलं, घरात एकच भाषा ठेवायची, जर्मन. पोरीला उगीच त्रास नको. आजोबांनी आपली भाषा आणि तिच्यासकट आपलं इंग्लंड उंबऱ्याबाहेर ठेवलं ते ठेवलंच.

माझी मुलगी तेव्हा किंडरगार्टनमध्ये होती आणि तिथल्या बाईंनी आम्हाला नेमका हाच सल्ला दिला होता, घरी जर्मन बोला. आम्ही शहाण्यासारखी मान हलवून आलो होतो. आजोबांचं ऐकताना मला त्याचं काहीच वाटलं नाही, हे आज आठवलं की स्वतःचाच राग येतो.

दोन हजार चारच्या सुमाराला आजोबांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, किल्ल्या, गॅस. मग एके दिवशी त्यांनी मला विचारलं, “खाणकामगारांचा संप मिटला का गं?” मी चाटच पडले. इंग्लंडातला तो संप मिटून वीस वर्षं होत आली होती. पुढच्या महिन्यात ते ब्रिटन नुकतंच युरोपच्या बाजारात सामील झालं म्हणून आनंदात होते, बायकोला म्हणे आता परकं वाटणार नाही. मग छप्पन्न सालचं सुएझ, कालव्यावरून ब्रिटनची नाचक्की झाली ते. “आता आपल्याला कोण विचारतंय,” असं म्हणत खुर्चीत बसून राहायचे. मला उमगलं, हा माणूस इतिहासातून उलटा चाललाय. मी शिकवायचे तो धडा शेवटच्या पानाकडून पहिल्याकडे.

त्या सुएझच्या मागे गेले आणि लेक पुसली गेली. कारण ती जन्मलीच नव्हती ना! मग भिंतीवरचा बायकोचा फोटो दाखवून मला विचारलं, “ही बाई कोण?” लेक शेजारी उभी होती. दाताच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर काम करणारी, पन्नाशीला टेकलेली, कडक शिस्तीची बाई. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. मी मागे गेले, पण काय बोलायचं? माझ्या जर्मनमध्ये तेवढे शब्दच नव्हते. पाठीवरून हात फिरवत राहिले.

आणि मग त्यांचं जर्मन गेलं. विशीच्या आसपास शिकलेली भाषा, त्याच्या मागे सरकल्यावर ती राहणार कुठून? लेक विचारायची, “पापा, सूप गरम करू?” आणि ते माझ्याकडे बघायचे, ही काय म्हणते म्हणून. बापलेकीच्या मध्ये दुभाषी म्हणून कोण, तर सांगलीची बाई. लेक जर्मनमध्ये सांगणार, मी अर्धंमुर्धं समजून इंग्रजीत सांगणार, आजोबांचं उत्तर पुन्हा तुटक्या जर्मनमध्ये लेकीला. कपाळाला हात लावायची पाळी, पण चाललं होतं.

मला मात्र पुढचं दिसत होतं. इतिहास शिकवलेला ना! लेकीला मी जिन्यात म्हटलं, “अजून थोडं मागे गेले की युद्ध आहे.” ती म्हणाली, “माहीत आहे. तेव्हा ते सहा वर्षांचे होते. त्यांचं अर्धं शहर आम्ही जाळलं.” ‘आम्ही’ म्हणाली ती. स्वतःच्या बापाबद्दल बोलताना.

त्याआधी एक सत्तेचाळीस यायचं होतं. खोटं कशाला बोलू, मी त्याची वाट बघत होते. म्हटलं, बघू तरी, आम्ही यांच्या हातून सुटलो ते आजोबांना कसं आठवतं. काही नाही! ते रेशनची साखर खिशात लपवत होते, बर्फात अडकलेल्या कोळशाच्या गाड्यांबद्दल बोलत होते आणि आमचं स्वातंत्र्य कधी येऊन गेलं ते कळलंसुद्धा नाही. आमच्यासाठी केवढा दिवस! त्यांच्यासाठी तो सुट्टीतला एक साधा शुक्रवार असणार. मला जाम राग आला, आणि मग त्या रागाचंच हसू आलं.

पानगळ सुरू झाली होती तेव्हा ते घडलं. लेक कामावरून आली आणि दारातूनच नेहमीसारखं मोठ्यानं जर्मनमध्ये म्हणाली, “पापा, मी आले.” आजोबांच्या हातातला कप खाली पडला. एवढा म्हातारा माणूस टेबलाखाली घुसला आणि मला हाताला धरून खाली ओढायला लागला. “ते आलेत. घरात आलेत. आवाज करू नकोस.” मी म्हटलं, “आजोबा, माझी नाही का भीती वाटत?” तर माझा हात घट्ट धरून म्हणाले, “तू आपल्यातली आहेस. हिंदुस्थानातले सगळे आपल्या बाजूचे आहेत.”

आपल्यातली! माझे सख्खे आजोबा बेचाळीसला याच ‘आपल्या’ लोकांच्या तुरुंगात होते, पाठीवरचे वळ आम्हा नातवंडांना त्यांनी दाखवले होते. डोक्यात तिडीक गेली माझ्या. आणि समोर दारात ती उभी, पोटची पोर, हातात बापासाठी आणलेला केक. ती शत्रू आणि मी आपली. इतिहासाला काही लाजच नाही.

लेकीनं इंग्रजी शिकून पाहिलं. माझ्याकडूनच. “फादर, प्लीज ईट,” एवढंच वाक्य तिनं वर स्वतःच्या घरात घोकलं. पण बोलल्यावर आजोबा माझ्या कानाशी लागले, “ऐकलंस? हिच्या उच्चारांत ते आहेत.” आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं. दिवसभर अन्नाला शिवले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, हाइममध्ये ठेवा, म्हणजे वृद्धाश्रमात. लेक ताडकन म्हणाली, “तिथे दिवसरात्र सगळे जर्मन बोलणार. ते भीतीनं मरतील. माझे वडील भीतीनं मरणार नाहीत.” एवढी एकच गोष्ट तिला हवी होती. त्यांनी ओळखावं ही आशासुद्धा तिनं सोडली होती.

दुसऱ्या दिवशी ती खाली आली आणि एक शब्द बोलली नाही. नुसती आत आली, पडदा सरकवला, आजोबांच्या शेजारी बसली, चमचा उचलला. ते तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि त्यांनी तोंड उघडलं. त्या दिवसापासून त्या घरात ती मुकी झाली. रेडिओ बंद. फोन आला तर ती जिन्यात जाऊन बोलायची. माझ्या मुलीला मी तळमजल्यावरून तोंडावर बोट ठेवून न्यायचे. कामाचे तास तिनं कमी करून घेतले आणि बापाला न्हाऊ घालणं, दाढी करणं, कुशीवर वळवणं, सगळं तोंडातून अक्षर न काढता. मी मनातल्या मनात तिला ताई म्हणायला लागले होते.

“मुकी आहे का बिचारी?” आजोबांनी मला विचारलं.

मी म्हटलं, “हो.”

“बॉम्बनंतर काहींची वाचा जाते,” ते म्हणाले. “आमच्या गल्लीतल्या एका बाईंची गेली होती.” मग तिचा हात हातात घेऊन थोपटत राहिले. “घाबरू नकोस हं. हे संपेल सगळं. तुझी माणसं तुला सापडतील.”

तिला कळलं नव्हतं. जिन्यात आल्याबरोबर तिनं माझा दंड धरला, “काय म्हणाले? मला काय म्हणाले?” मी सांगितलं. शब्दन् शब्द सांगितला. ती तिथेच पायरीवर बसली. मीही बसले. दोघी ढसाढसा रडलो आणि वरून खाली येणारा पोस्टमन भिंतीला चिकटून निघून गेला.

त्या संध्याकाळी मी मुलीला विचारलं, “जेवायला काय करू गं?” तिनं नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये उत्तर दिलं. उद्या मी अशीच मागे मागे गेले, सांगलीपर्यंत गेले, तर ही माझ्याशेजारी बसून काय बोलेल? मी तिच्यावर ओरडले, “मराठीत सांग!” ती बिचारी दचकली. नवरा म्हणाला, “तिच्यावर कशाला काढतेस?” बरोबरच होतं त्याचं. आम्हीच मान हलवून आलो होतो.

हिवाळा संपताना आजोबा खायचे थांबले. भीती मात्र गेली होती. डोळे मिटून पडून राहायचे, ताईनं कपाळावर हात ठेवला की श्वास हळू व्हायचा. शेवटच्या दुपारी आम्ही दोघी दोन बाजूंना होतो. बाहेर लख्ख ऊन होतं. त्यांनी एकदा डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, ओठ हलले, पण शब्द आला नाही. इंग्रजीतही नाही. मग एक श्वास गेला आणि पुढचा आलाच नाही.

ताईनं बराच वेळ त्यांच्या छातीवर कान टेकवून ठेवला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. एवढी मोठी बाई, स्वतःच्या वडिलांच्या घरात, माझी परवानगी मागत होती. मी मान हलवली.

“पापा,” ती म्हणाली.

आधी अगदी हळू. मग पुन्हा, मोठ्यानं. आणि मग ती बोलतच सुटली. जर्मनमध्ये, घाईघाईनं, श्वास न घेता. खिडकीचं बिजागर दुरुस्त केलं ते, आईच्या कबरीवर फुलं लावली ते, कामावरची भांडणं, रोज शेजारी बसले ती मीच होते पापा, मी मुकी नव्हते, मीच होते. मला सगळं कळत नव्हतं आणि जे कळत होतं ते ऐकवत नव्हतं. तिचा आवाज जिन्यापर्यंत जात होता, पण आता अडवायचं कुणाला? मी फक्त आजोबांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ते घाबरले नाहीत.