मिठाच्या तकट्या

आमच्या दौंडचा पाशा कल्हईवाला पुण्याच्या प्रयोगशाळेत लागला, तो केवळ हातांच्या जोरावर. त्यानं डाग देऊन झाळलेल्या नळीत हवेची शिरायची बिशाद नसे. नोकरी कच्ची होती, पण त्याच्या बायकोनं, चांदबीनं, ती गल्लीभर सांगून सांगून पक्की करून टाकली होती.

तिथले काळभोर सर नळीत भरलेल्या वायूतून उष्णतेचे अदृश्य किरण सोडत. वायू त्यातले ठरावीक किरण गिळी, आणि यंत्राची लेखणी कागदावर तेवढे खड्डे काढी. वायू होता अमोनिया. कल्हईचा नवसागर तापला की नाकात झणझणतो, तोच.

“ह्याला तर मी ल्हानपणापासनं वळखतो, सर,” पाशा म्हणाला.

काच हे किरण अडवते, म्हणून नळीच्या दोन्ही तोंडांना मिठाच्या स्फटिकाच्या तकट्या, म्हणजे काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या चकत्या, बसवलेल्या. परदेशातून मागवलेल्या, आठ महिने वाट पाहून. मीठ आहे, पाणी लावू नकोस, हे पाशाला दहादा बजावलं होतं. पण हात कुणाचं ऐकतात? भांडं तापवून झालं की पाण्यात बुडवायचं, ही बापजाद्यांची शिस्त. एका शनिवारी त्यानं नळीचं मधलं भोक झाळलं, पुसलं आणि सवयीनं अख्खी नळी बादलीत घातली.

बाहेर काढली तेव्हा तकट्या दह्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या.

सर ओरडले असते तर परवडलं असतं. ते नुसतं म्हणाले, “सोमवारी बघू.” नोकरी गेली, हे पाशा समजला. त्यानं तकट्या घरी न्यायची परवानगी मागितली. वाया गेलेल्या वस्तूला सर कशाला नाही म्हणतील?

रविवारी त्यानं भांडगावच्या हरिबा धनगराला गाठलं. हरिबानं कोकराच्या पहिल्या कातरणीची मऊ लोकर दिली. पाशानं सोनाराकडची चकाकी आणायची तांबडी पूड आणली आणि पाण्याऐवजी स्पिरिट घेऊन घासायला बसला. श्वासाची वाफही तकटीला लागू नये म्हणून त्यानं स्वतःच्या आणि चांदबीच्या तोंडाला फडकं बांधलं. चांदबी दिवसभर गप्प बसल्याचं पाहून शेजारच्या साळूबाई तब्येत विचारून गेल्या.

सोमवारी सरांनी तकट्या उजेडात धरल्या आणि धरूनच राहिले. पावसाळ्याच्या दमटपणानं त्या बादलीत जाण्याआधीच मळलेल्या होत्या. आता नव्यापेक्षा लख्ख होत्या. किरण भरपूर येऊ लागले, म्हणून ते ज्यातून यंत्रात शिरतात ती फट कधी नव्हे इतकी बारीक करता आली; फट जितकी बारीक, तितकी नोंद रेखीव. लेखणी चालू लागली. इतके दिवस जिथं एकच जाडा खड्डा यायचा, तिथं दोन निघाले, शेजारी शेजारी, स्वच्छ.

“अमोनियाचा कण वाऱ्यातल्या छत्रीसारखा उलटासुलटा होतो,” सर म्हणाले. “म्हणून दोन खड्डे. पुस्तकात वाचलं होतं. आपल्या यंत्रावर आज पहिल्यांदा दिसलं, पाशाभाई.”

मग त्यांनी कपाटातून धूसर तकट्यांनी भरलेली पेटी काढून त्याच्या हातात दिली.

पाशानं आत पाहिलं. “ह्याला वरीस लागंल, सर.”

“लागू दे. वर्षभर तुम्ही दुसरीकडे कुठं जाणार आहात?”

पेटी उराशी धरून पाशा तिथंच हसत उभा राहिला.